उतारावरचं गवत

भाद्रपद निम्मा सरला की आमच्या डोंगरावरचं गवत कमरेला लागतं. यंदा पाऊस वेळच्या वेळी झाला, त्यामुळे ते जरा जास्तच माजलंय. सकाळी वरच्या बांधापर्यंत जाऊन आलो, तर पायजमा मांडीपर्यंत भिजला आणि त्याला हे एवढं चिकट बी लागलं. आता ओट्यावर बसून एकेक दाणा उपटतोय. अंगाला ओल्या गवताचा वास बसलाय, तो साबणानंही जात नाही. खालच्या डांबरी रस्त्यानं जाणारे लोक गाड्या थांबवून या हिरव्या डोंगराचे फोटो काढतात. काढोत बापडे. मला मात्र हे दिवस नकोसे होतात. गवत वाढलं की त्याच्याखाली काय आहे ते दिसत नाही, आणि दोन वर्षांपासून मला त्याची भीती वाटते.

आमची जमीन आष्टीच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या उतरणीवर. जमीन म्हणायची म्हणून म्हणायची. वर वीतभर माती, मग मुरूम, मग खडक. इथं ज्वारी नखऱ्यानं येते, सीताफळ मात्र आनंदानं येतं, म्हणून आम्ही दोघा भावांनी साऱ्या उतारावर सीताफळंच लावली. पाणी अडवायला झाडांच्या मधून आडवे चर खणले आहेत. चर तुटक आहेत, मधून मधून छोटी गाडी वर जाईल एवढी वाट सोडलेली आहे. उन्हाळ्यात हे सगळं हातावरच्या रेषांसारखं लख्ख दिसतं. भाद्रपदात तेच चर गवतानं भरून जातात आणि खड्ड्याच्या जागी सपाट कुरण असल्यासारखं वाटतं.

हे गवत कापावं लागतंच. दसरा झाला की फळं उतरवायची लगबग सुरू होते, आणि कमरेएवढ्या गवतात तोडणाऱ्या बायांनी पाय कुठं ठेवायचा? साप असतो, विंचू असतो. पुढं फाल्गुनात वाळलेल्या गवताला एका बिडीचं थोटूक पुरतं. आणि दसऱ्यानंतर निम्मी वस्ती बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला निघून जाते, मग विळा धरायला माणूस शोधून सापडत नाही. वस्तीवर म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी उरतात. म्हणून दत्तूनं छोटा ट्रॅक्टर आणला.

दत्तू माझा धाकटा भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मी तीस वर्षं मालट्रक चालवला. कोणता घाट पाहिला नाही ते विचारा. गाडी एकदाही कलंडली नाही की कुणाला साधा ओरखडा आला नाही, आणि ही गोष्ट मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर पाजायचो. कंबर कामातून गेली तेव्हा गावी परत आलो. माझी बायको तोवर गेलेली, मूलबाळ नाही. दत्तू आणि त्याची बायको कांता यांच्या घरातच राहिलो. शेतीतलं मला फारसं कळत नव्हतं, पण ट्रॅक्टर दारात आला आणि मला पुन्हा भाव आला. चाकांच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा असायचा.

ट्रॅक्टर आला तो दिवस आठवतो. पारावरच्या म्हाताऱ्यांनी लांबूनच त्याची उंची मोजली.

"काय बे दत्त्या, ट्रॅक्टरचं शिंगरू आणलं का? ह्याची माय कुठं सोडली?"

"येतीय मागनं, बाबा. वैरण खातीय," दत्तू म्हणाला. त्या दिवसापासून गावात त्याचं नाव शिंगरूच पडलं.

दत्तू शांत माणूस. मी तापट. मी एखादी गोष्ट तीनदा सांगितली तरी तो तिन्ही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायचा. संध्याकाळी अंगणात बाज टाकून आमची शाळा भरायची. मी सांगायचो, "दत्तू, ज्या गिअरला घाट चढलास त्याच गिअरला उतरायचा. उतारावर क्लच दाबला की गाडी तुझी ऱ्हात न्हाई, डोंगराची हुती." तो मान डोलवायचा. उतारावर आडवं चालवायचं नाही, सरळ वर आणि सरळ खाली. उजव्या-डाव्या चाकाच्या ब्रेकचे दोन पेडल असतात, ते शेतात वळायला सुटे ठेवतात, पण डोंगरावर दोघांची कडी घालायची. घातली नाही आणि घाईत एकच दाबला गेला तर गाडी गर्रकन फिरते. मडगार्डवर कुणाला बसवायचं नाही, पाहुणा असो नाहीतर आमदार असो. मागचं यंत्र फिरत असताना खाली उतरायचं नाही. असं माझं पुराण चालायचं, आणि एकदा सुरू झालो की मला आवरणं कठीण.

यातलं काही तो विसरला असं मला कधी आढळलं नाही. उलट माझ्या चार पावलं पुढं जायचा. गवत कापायच्या आदल्या दिवशी हातात काठी घेऊन तो सारा उतार पायी फिरायचा. जिथं दगड, जिथं चराचं तोंड, तिथं काटकी रोवून तिला कांताच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचा. मग डोंगरावर जांभळ्या, पिवळ्या, मोरपंखी चिंध्या फडफडत राहायच्या. मी त्याला म्हणायचो, "आरं, जत्रा भरवलीस का?" तो हसायचा आणि पुढची चिंधी बांधायचा.

आता कमानीबद्दल सांगायला हवं. सीटच्या मागं घोड्याच्या उलट्या नालेसारखी एक लोखंडी कमान असते. गाडी उलटली तर सगळा भार ती घेते आणि गाडीला कुशीवरच थांबवते. कमरेचा पट्टा माणसाला त्या कमानीच्या आडोशात धरून ठेवतो. ही कमान मधून दुमडते. दोन बाजूंना दोन पिना असतात, अंगठ्याएवढ्या जाड. त्या काढल्या की कमान मागं आडवी पडते, आणि पुन्हा उभी करून पिना घातल्याशिवाय ती उभी राहत नाही. कमान आडवी असताना पट्टा लावायचा नसतो. लावला तर गाडी उलटताना माणूस तिच्याखाली बांधलेला राहतो. म्हणजे कमान पाडली की दोन्ही आधार गेले. हे मीच दत्तूला शिकवलं होतं.

सीताफळाच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात, त्या कमानीत अडकायच्या. दुसरा कुणी असता तर त्यानं कमान कायमची पाडून टाकली असती. आसपासच्या वस्त्यांवर सगळे तेच करतात. दत्तू खाली उतरून फांदी छाटायचा. फळाला आलेली फांदीसुद्धा. "फांदी पुढल्या साली येती, आण्णा," असं म्हणायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त स्वतःचाच वाटायचा.

पोळ्याला आमच्या गावात वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. मानाची जोडी आधी जाते, मग बाकीची. सगळी जित्राबं खालून जाईपर्यंत ते तुटू नये असं असतं. कुणाच्या हातून तुटलं तर वर्षभर गाव त्याच्या नावानं बोटं मोडतं. आता गावात बैल किती उरलेत ते सांगायला एका हाताची बोटं पुरतात, पण मान काही गेलेला नाही. ज्याच्या दावणीला बैल नाही तो ट्रॅक्टर धुतो, त्याला गेरूचे ठिपके देतो, बोनेटवर झूल टाकतो आणि मिरवणुकीच्या शेपटाला लावतो. तीन वर्षांमागं एका मोठ्या ट्रॅक्टरच्या छतात अडकून तोरण तुटलं होतं. वेशीतच बाचाबाची झाली. पुढं दिवाळीत त्या ट्रॅक्टरवाल्याच्या घरातली म्हातारी वारली. चांगली नव्वदीची, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, तरी गावानं तिचं मरणसुद्धा तोरणाच्या खात्यात टाकलं.

म्हणून पुढच्या पोळ्याला मी सकाळीच पाना घेऊन कमानीपाशी बसलो. दत्तू बोनेटवर गेरू लावत होता. तो थांबला.

"आण्णा, कमान कावून पाडायला लागलात? तोरण हातभर वर बांधा म्हणून सांगू की त्यांना."

"साऱ्या गावाला सांगत फिरणार का? दोन घटकंचं काम हाय."

"तुमीच म्हणता, कमानीला हात लावायचा न्हाई."

"डोंगरावर लावायचा न्हाई. ही वेस हाय, बे!"

तो पुन्हा गेरू लावायला लागला. मोठ्या भावापुढं तो कधीच फार बोलला नाही. पिना मी काढल्या, कमान मी पाडली आणि फेटा बांधून शिंगरू वेशीतून मीच नेलं. तोरणाची पानं फेट्याला जेमतेम घासून गेली. पान पडलं नाही. पारावरचे म्हातारे म्हणाले, "ह्याला म्हणत्यात डायवर." मी मिशीला हात लावला. त्या क्षणाची आता मला लाज वाटते, पण तेव्हा आनंद झाला होता हे लपवून काय करू?

घरी आलो, पूजा झाली. पिना हातात होत्या. हरवू नयेत म्हणून देवघराशेजारच्या भिंतीतल्या देवळीत, गुलालाच्या वाटीमागं ठेवल्या. सकाळी बसवू म्हटलं. मग चार पुरणपोळ्या खाल्ल्या आणि आडवा झालो. दुसऱ्या दिवसापासून झड लागली. तीन आठवडे डोंगरावर पाय ठेवता येत नव्हता. शिंगरू पत्र्याखाली उभं होतं. कमान मागं दुमडलेली रोज दिसायची, आणि रोज बघून बघून ती तशीच असते असं वाटायला लागलं. पिना कुठं ठेवल्या ते तर मी पार विसरून गेलो.

पितृपंधरवड्यात उघडीप मिळाली. दत्तूनं एका पाहुण्याकडून गवत कापायचं यंत्र दोन दिवसांसाठी आणलं. आदल्या दिवशी त्याच्या चिंध्या बांधून झाल्या होत्या. त्या सकाळी मी आष्टीला निघालो होतो. माझ्या चष्म्याची काडी मोडली होती आणि मी दोऱ्यानं बांधून दिवस ढकलत होतो. खाली जीपचा हॉर्न वाजला तेवढ्यात दत्तू अंगणात आला.

"आण्णा, पिना कुठं ठेवल्यात?"

"हत्याराच्या पेटीत असत्याल. नीट बघ."

"पेटी दोनदा उपसली."

"तुला कधी काय सापडलंय का? सीटखाली बघ. माझी जीप चुकंल."

"बरं, हुडकतो," तो म्हणाला.

पिना सापडेपर्यंत वर जाऊ नको, एवढं मी म्हणायला हवं होतं. त्यानं ऐकलंही असतं, माझं सगळंच ऐकायचा. पण पिना पेटीतच आहेत अशी माझी खात्री होती, आणि मला खात्री असली की माझी जीभ फार लवकर चालते. त्यानं त्यानंतर तासभर शोधलं, हे मला मागाहून समजलं. पेटी, सीट, पत्र्याखालची पोती, सगळं उलटंपालटं केलं. मग यंत्र परत द्यायचं होतं, ऊन चढत होतं, आणि तो गेला.

चष्मेवाल्यानं काडीला नवा स्क्रू लावून दिला होता. मी भिंतीवरची अक्षरं वाचून बघत होतो तेव्हा फोन वाजला.

मी पोचलो तेव्हा लोकांनी त्याला काढून लिंबाखाली ठेवलं होतं. वरच्या ओळीपाशी वळताना चराचा काठ ढासळला होता. तीन आठवड्यांच्या पावसानं तो आतून पोकळ झाला होता, वरून मात्र गवताखाली धड दिसत होता. त्याच्यापासून दोन हातांवर दत्तूनं रोवलेली काटकी होती, तिला पिवळी चिंधी. त्यानं अंतर राखलं होतं. खालचं मागचं चाक घसरलं आणि शिंगरू कुशीवर न थांबता पुरतं पालथं झालं. कमान उभी असती तर ते कुशीवरच थांबलं असतं.

लिंबाखाली जमलेले लोक बोलत होते. कुणीतरी म्हणालं, "पट्टा बांधला न्हाई हो त्यानं. पट्टा बांधला असता तर वाचला असता." दुसरा म्हणाला, "गडी चांगला, पण हयगय झाली." मला त्यातलं खरंखोटं कळत होतं. पट्टा न बांधणं त्या वेळी बरोबरच होतं. मी माझ्या नव्या काडीच्या चष्म्यातून त्या माणसाकडं बघितलं आणि मान हलवली. होकारार्थी. माझ्या हातून काय काय झालं ते मोजायला बसलो तर त्या मान हलवण्यापाशी मी सगळ्यात जास्त अडकतो.

दहाव्याच्या आदल्या दिवशी काडेपेटी हवी होती म्हणून मी देवळीत हात घातला. गुलालाच्या वाटीमागं बोटांना लोखंड लागलं. बघण्याची गरज नव्हती. मी त्या पिना मुठीत घेतल्या, माझ्या खोलीत गेलो आणि ट्रंकेत जुन्या लायसनच्या खाली ठेवून कुलूप घातलं. बाहेर येऊन पाहुण्यांना पाणी दिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लहानपणी ही म्हण शाळेत घोकली होती, ती माझ्यावरच बेतलीय हे साठी उलटल्यावर कळलं.

नंतरची दोन वर्षं मी काय केलं ते सांगायलाही जड जातं. मी दत्तूची चूक शोधत राहिलो. सकाळी वर जायचो, पावलांनी अंतर मोजायचो. इथं वळायला नको होतं. आणखी हात-दोन हात खाली वळला असता तर. रिव्हर्समध्ये चढला असता तर. चुकीची एक बारीकशी फट जरी मिळाली असती तरी मला त्यातून श्वास घेता आला असता. मिळाली नाही. तो माणूस माझ्या शिकवणुकीबाहेर बोटभरही गेला नव्हता. मेलेल्या भावाच्या नावावर दोष टाकायला मी दोन पावसाळे त्या उतारावर हेलपाटे घातले, असा मी आहे.

शिंगरू मेस्तरीनं नीट करून दिलं. कमान दुमडलेली होती म्हणून तिला साधा पोचही आला नव्हता. पण ते पत्र्याखालीच राहिलं. गवत कधी रोजानं कापून घेतलं, कधी राहूनच गेलं. गेल्या फाल्गुनात वरच्या अंगानं जाळ आला आणि वरच्या दोन ओळी पार कोळसा झाल्या. कांता घागरी घेऊन धावत होती. मी ओल्या पोत्यानं बडवत होतो. जाळ विझल्यावर ती काळ्या झाडांपाशी जाऊन उभी राहिली. दत्तूनं ज्यांच्या फळाच्या फांद्या छाटल्या होत्या त्या झाडांपैकी ती झाडं होती.

कांताबद्दल बोलायचं तर मला तिचं बोलणं फारसं ठाऊकच नव्हतं. भावजयीनं थोरल्या दिरापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, समोर बसायचं नाही, थेट बोलायचं नाही, अशी आमच्या घरातली रीत. माझं जेवण तयार झालं की ती भिंतीला सांगायची, "ताट वाढलंय म्हणावं." मी भिंतीला सांगायचो, "आलो म्हणावं." त्यांची पोरगी घरी असताना निरोप्याचं काम ती पोरगी करायची. पोरगी नर्सिंग शिकायला पुण्याला गेली तशी सगळी भिस्त भिंतीवर आली. एका छपराखाली वीस वर्षं काढली, पण तिचे डोळे कसे आहेत हे मला सांगता आलं नसतं.

गेल्या आठवड्यात मी पत्र्याखाली काहीबाही आवरत होतो. ती आली आणि भिंतीकडं न बघता माझ्याकडं बघून बोलली.

"आण्णा, मला ह्ये चालवायला शिकवा."

मी गडबडलो. "लोक काय म्हणत्याल?"

"लोक दोन वर्सं म्हणत्यातच. गवत कापून द्यायला कुणी येत न्हाई. आणिक दोन ओळी जळाया नकोत मला."

नाही म्हणण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. बॅटरी नवी बसवली. दुसऱ्या दिवशी अंगणातल्या सपाटीवर शिकवणी सुरू झाली. पहिलीच अडचण पदराची. मागचं यंत्र फिरवणारा दांडा चालू असतो तेव्हा त्यात कापडाचं एक टोक जरी अडकलं तरी तो माणसाला आत ओढतो. मी आयुष्यात पहिल्यांदा भावजयीला सांगितलं, "पदर डोक्यावरून काढा. कमरंला गच्च खोचा." सांगताना मी जमिनीकडं बघत होतो. तिनं पदर काढून खोचला. तिचे केस बरेच पांढरे झाले होते, ते मला तेव्हा दिसलं.

ती लवकर शिकते. ब्रेकची कडी, क्लच, गिअर, मागचा दांडा बंद केल्याशिवाय उतरायचं नाही, हे सगळं तिनं दोन दिवसांत उचललं. पुन्हा विचारायची, पुन्हा करून बघायची. परवा सकाळी सगळं झालं आणि मी म्हटलं, आता उद्या वरच्या वाटेनं सरळ चढवून बघू. ती सीटवरून उतरली नाही. मागं वळून तिनं कमानीवर हात ठेवला.

"ही उभी कावून करत न्हाई तुमी?"

मी बोनेटवरचा हात काढून घेतला.

"ह्यांना तुमी समदं शिकवलं व्हतं. चिंधीसुद्धा सोडली न्हाई त्यांनी कुठं. मग ही उभी कावून केली न्हाई त्यांनी?"

मी खोलीत गेलो. ट्रंकेचं कुलूप काढलं. पिना घेऊन बाहेर आलो आणि तिच्यापुढं धरल्या. "कांता," मी म्हटलं. तिला नावानं हाक मारायची ही माझी पहिलीच वेळ. "ह्या मी काढल्या व्हत्या. पोळ्याला, तोरणासाठी. अन् त्यादिशी त्यानं इचारलं तवा पेटीत हायेत म्हणून सांगितलं. पेटीत न्हवत्या. देवळीत व्हत्या. मीच ठिवल्या व्हत्या अन् मीच इसरलो. त्याची हयगय न्हवती. लोक बोलले तवा मी गप बसलो."

ती पिनांकडं बघत राहिली. तिनं त्या घेतल्या नाहीत.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

पिना धरलेला माझा हात खाली आला.

"दहाव्याच्या आदल्या दिशी त्या देवळीतनं गेल्या. घरात देवळीला हात लावणारं माझ्या-तुमच्याबिगर कोण व्हतं? तुमी त्या गुपचूप उचलल्या, तवा मला कळलं त्या मशिनीच्या व्हत्या त्ये. दोन वर्सं वाट बघितली, तुमी कधी बोलता म्हणून."

"मग तूच कावून न्हाई बोललीस?"

तिनं आता पिना माझ्या हातातून घेतल्या. एक उजव्या मुठीत, एक डाव्या.

"कशी बोलू? पोळ्यापासून मला त्या रोज दिसायच्या. पूजंच्या दिशी ठिवलेलं लोखंड, मला वाटलं देवाचं काय असंल. दिवा लावताना मी रोज त्यांना हळदकुंकू लावत व्हते, आण्णा. त्यादिशी सकाळी बी लावलं. बाहेर ह्ये पोती उचलून हुडकत व्हते, अन् मी आत पिनांना कुंकू लावत व्हते. काय हुडकताय म्हणून मी इचारलं न्हाई, अन् मला इचारावं असं त्यांच्याबी मनात आलं न्हाई. मला कुणी कधी सांगितलंच न्हाई की ह्या मशिनीला असलं काय असतं."

ती रडली नाही. मी रडलो. अंगणात, भावजयीपुढं, साठी ओलांडलेला माणूस. तिनं मला रडू दिलं, समजूत घातली नाही, आणि ते बरंच केलं. मग उतरली, कमानीचं एक टोक धरलं आणि म्हणाली, "दुसरीकडनं धरा." आम्ही दोघांनी मिळून कमान उभी केली. पिन कोणत्या बाजूनं घालायची ते मी सांगितलं, ती तिनं घातली.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. संध्याकाळी बाजेवर बसून मी दत्तूला शिकवायचो तेव्हा चहा घेऊन कांताच यायची. ती उंबऱ्यात दिसली की मी बोलता बोलता थांबायचो. ती खाली मान घालून कप ठेवायची. ती आत गेली आणि दाराचा पडदा हलायचा थांबला, की मगच मी पुढचं वाक्य बोलायचो.